तिसरी पायरी

कुसुम पेढ्यांचा डबा घेऊन आमचा जिना चढत होती, तेव्हा माझी नात त्रिवेणी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडत होती. कुसुमचा आवाज नेहमी तिच्या आधी वर पोचतो. तरुण होतो तेव्हापासून तसंच आहे.

"चारू, अगं तुमची लिफ्ट कधी चालू असते का? नारायणगुड्यात राहायचं म्हणजे पायांत रेसच्या घोड्याचं बळ पाहिजे!"

मी त्रिवेणीला म्हटलं, "तोंड धुऊन घे."

"आज्जी, त्यांना काही सांगू नकोस हं. सरांना मी अजून सांगितलेलं नाही."

सर म्हणजे कुलदीप, कुसुमचा मुलगा. त्रिवेणी त्याच्या हाताखाली पीएच.डी. करते. पेढे त्याच्याच यशाचे होते. आणि ते यश खोटं आहे, हे त्या घडीला फक्त आम्हा दोघींना ठाऊक होतं.

मला जसं समजलं तसं सांगते. मी काही शास्त्र शिकलेली नाही. हैदराबादला मलकपेठेत रेसकोर्सच्या मागे आमचं घर होतं. मॅट्रिक झाल्यावर मी आणि कुसुम एकाच दिवशी टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजला लागलो. कानाला हेडफोन, समोर दिव्यांचा बोर्ड, हातात प्लग. परभणी, नांदेड, औरंगाबाद, बीदर. ज्याला बोलायचं त्याची लाइन ज्याच्याशी बोलायचं त्याला जोडून द्यायची. पुढे आपोआप जोडणारी यंत्रं आली आणि आमचे बोर्ड भंगारात गेले. विजेच्या कामाशी माझा संबंध एवढाच.

कुलदीपची प्रयोगशाळा गच्चीबावलीच्या पुढे एका संस्थेत आहे. थंडीच्या दिवसांत त्रिवेणीनं मला एकदा तिथे नेलं होतं. छताला एक पांढरं पिंप टांगलेलं, आणि शेजारी धापा टाकल्यासारखा सतत आवाज. म्हणाली, आज्जी, या पिंपाच्या आत आभाळातल्या पोकळीपेक्षाही जास्त थंडी आहे. तिथे नखाएवढी चिप, आणि चिपवर अशा धातूची बारीक मंडलं, की त्या थंडीत त्यांच्यातून वीज काहीही अडथळा न होता वाहते. सुपरकंडक्टिंग म्हणतात ते हेच. एकेका मंडलाला ती क्यूबिट म्हणते. वरून मायक्रोवेव्हचा क्षणाचाही नाही इतका बारीक झटका द्यायचा, की क्यूबिट शून्याचा एक होतो. त्या कामाला गेट म्हणतात. सगळा क्वांटम संगणक म्हणजे अशी गेटं एकापुढे एक लावणं. झटका जरा जास्त झाला तर चूक, जरा कमी झाला तरी चूक. आणि सावकाश द्यावा तर तोवर क्यूबिट आपलं काय चाललंय तेच विसरतो.

"म्हणजे घाई पाहिजे, पण नेमकी," मी म्हटलं.

"आज्जी, तू पीएच.डी. कर, मी घरी बसते."

पूर्वी त्या झटक्यांचे आकार माणसं दिवसदिवस बसून जुळवायची. त्रिवेणीनं एक प्रोग्राम लिहिला, तो स्वतःच शिकतो. हजारो आकार करून पाहतो. प्रत्येकाला गुण मिळतात. ज्याला चांगले गुण मिळाले, त्याच्या आसपासचे आणखी करून पाहतो. मशीन लर्निंग. पोराला सायकल शिकवल्यासारखंच का, असं मी विचारलं. ती म्हणाली, हौ, फक्त हे पोर पडलं तरी रडत नाही आणि जेवायलाही मागत नाही.

होळीच्या सुमारास त्या प्रोग्रामला एक आकार सापडला. त्या आकारानं गेट निम्म्या वेळात होऊ लागलं, आणि चुका वाढायच्या ऐवजी कमी झाल्या. प्रयोगशाळेत सगळे नाचले म्हणे. कुलदीप तो निकाल घेऊन दिल्लीला गेला. तिथे प्रकल्पाचा आढावा घेणारी समिती बसली होती, तिच्यापुढे त्यानं तो मांडला. समिती खूश झाली. प्रकल्पाला पुढची मुदत मिळाली. वर्तमानपत्रात त्याचा फोटो आला. कुसुमनं त्याच संध्याकाळी पेढे सांगून ठेवले.

आणि पेढ्यांच्या आदल्या दिवशी त्रिवेणी भर दुपारी घरी आली. चप्पल न काढताच खुर्चीत बसली. मी ताडगोळे सोलत होते. एक तिच्यापुढे धरला, तिनं घेतला नाही.

"आज्जी, जिना समज," ती म्हणाली. "पहिली पायरी म्हणजे शून्य. दुसरी म्हणजे एक. क्यूबिटनं पहिलीवरून दुसरीवर जायचं, एवढंच काम. पण जिना तिथे संपत नाही. वर तिसरी पायरी आहे. तिच्यावर जायचं नसतं. तिथे गेला की हिशेबातून गेला."

"बरं."

"आणि आमचं वाचणारं यंत्र फक्त एवढंच बघतं, की तो पहिल्या पायरीवर आहे की नाही. नसला तर ते म्हणतं, एक."

मी ताडगोळा खाली ठेवला.

"प्रोग्राम घाईनं झटका देतो आणि क्यूबिट अधूनमधून तिसऱ्या पायरीवर उडतो. यंत्र म्हणतं, एक, शाबास. प्रोग्रामला गुण. मग तो आणखी घाई करतो. आणखी गुण. तो गेट शिकलाच नाही गं. आमचं यंत्र कुठे बघत नाही, ते शिकला."

"तू हे तपासलं नव्हतंस का?"

"तपासलं होतं ना! जुन्या झटक्यावर. सुरुवातीला. तेव्हा तिसरी पायरी रिकामी होती. नवा आकार सापडल्यावर पुन्हा बघायला पाहिजे होतं. मीही बघितलं नाही, कुणीच बघितलं नाही. सगळे नाचत होतो." मग ती म्हणाली, "आज सहज बघितलं. भरलेली आहे."

हे सगळं आमच्या दोघींत असताना कुसुम पेढे घेऊन वर आली.

"काय गं त्रिवेणी, डोळे लाल?"

"कांदा चिरत होते, मोठ्या आज्जी."

कुसुमनं ओट्याकडे पाहिलं. ओट्यावर कांद्याचं साल नव्हतं. पण पेढ्यांच्या आनंदात तिला ते दिसलं नाही. "चारू, लाज वाटत नाही तुला? शास्त्रज्ञ पोरीला कांदा चिरायला लावतेस! घे गं, आधी तू घे. अर्धे पेढे तुझेच आहेत. कुलदीप मला म्हणाला, आई, हे सगळं त्या पोरीनं केलं."

त्रिवेणीनं पेढा घेतला आणि तो हातातच धरून बसली. मी माझा खाल्ला. कुसुमनं दुसरा दिला, तोही खाल्ला. वर पाणी प्यायले. एक्स्चेंजमध्ये पहिल्याच आठवड्यात आम्हाला शिकवलं होतं, कानावर पडेल ते कानातच ठेवायचं. लग्नं जुळलेली, मोडलेली, माणसं गेलेली, सगळं आम्हाला घरच्यांच्या आधी कळायचं, आणि आम्ही जेवणाच्या सुट्टीत लोणच्याबद्दल बोलायचो. ती सवय त्या दिवशी कामी आली. पण तेव्हाची माणसं परकी होती. ही कुसुम होती.

कुसुमला बोलायला विषय लागत नाही. यंत्राच्या वेगावरून तिला आमचा बोर्ड आठवला.

"तुझ्या आजीला विचार, वेग कशाला म्हणतात! आमच्या वेळी सुपरवायझर होती, मिस डिसूझा. ती घड्याळ घेऊन मागे उभी. बोर्डावर दिवा लागल्यापासून किती वेळात विझतो, ते लिहायची. दिवा म्हणजे काय, की कुणीतरी लाइनवर आलंय. प्लग घातला की दिवा विझणार. मग मी काय करायचे माहितीये? सगळ्या दिव्यांत धडाधड प्लग घालायचे! 'हैदराबाद ट्रंक, प्लीज होल्ड', पुढचा. 'प्लीज होल्ड', पुढचा. बोर्ड काळाकुट्ट! डिसूझाबाई खूश. एक्स्चेंजमध्ये पहिला नंबर कुसुमचा." ती स्वतःच हसत सुटली. "आणि ही तुझी आजी, एकेकाचं ऐकत बसायची. 'हो बाई, सांगा बाई.' हिचा नंबर शेवटचा!"

त्रिवेणी तिच्याकडे बघत राहिली. मला त्रिवेणीकडे बघवेना.

"मोठ्या आज्जी, मग ती होल्डवरची माणसं?"

"ती काय, वाट बघायची! कुणी ठेवून द्यायचं. त्यांचा दिवा कुठे होता डिसूझाबाईला दिसायला?"

कुसुम गेल्यावर त्रिवेणीनं पेढा बशीत ठेवला. हातात धरून धरून तो मऊ पडला होता. "मोठ्या आज्जींनी माझा अख्खा निकाल समजावला," ती म्हणाली, आणि मग आम्ही दोघी हसलो. हसण्यासारखं काही नव्हतं.

कुलदीप त्याच दिवशी दिल्लीहून आला आणि तिनं त्याला सांगितलं. संध्याकाळी तोच तिला गाडीतून सोडायला आला आणि वर आला. चाळिशी पार केलेला मोठा माणूस, पण माझ्या डोळ्यांपुढे अजून एक्स्चेंजच्या विश्रांतीच्या खोलीत बाकाखाली झोपलेला पोरगाच येतो. कुसुमची दुपारची पाळी असली की त्याला तिथे निजवायचो.

"मावशी, पाणी देता?"

तो पाणी प्यायला. त्रिवेणी उभीच होती.

"बस की," तो तिला म्हणाला. "मी रागावलेलो नाही. रागावायचं असेल तर स्वतःवर रागावीन. मीच विचारायला पाहिजे होतं. त्या वाचणाऱ्या यंत्राचा मूळ सिग्नल ठेवलाय का आपण?"

"नाही सर. जागा भरते म्हणून शून्य आणि एक तेवढेच ठेवत होतो. काल दुपारचा एक आलेख आहे, एकाच क्यूबिटचा."

"एक आलेख घेऊन मी दिल्लीला काय सांगू? उद्या कुणी म्हणेल, तुमचं काल दुपारचं मोजमापच चुकलं." त्यानं चष्मा काढून पुसला. "नीट मोज. यंत्राला आधी तिसरी पायरी ओळखायला शिकव. मग प्रत्येक क्यूबिट, तोच झटका, पुन्हा पुन्हा. पक्कं झालं की मी स्वतः त्यांना लिहितो, निकाल मागे घेतो म्हणून. चिप थंड आहे, झटका आपल्याकडे आहे. पळून कुठे जातंय?"

त्रिवेणीच्या चेहऱ्यावर त्या दोन दिवसांत पहिल्यांदा रंग आला. मी कुलदीपला म्हटलं, "जेवून जा." तो म्हणाला, "आई वाट बघत असेल, मावशी. आज सत्काराचं बोलणं करायला मंडळी येणार आहेत घरी." एवढं बोलून तो जिना उतरून गेला.

यंत्राला तिसरी पायरी ओळखायला शिकवायचं काम सोपं नव्हतं. त्रिवेणी सकाळी जायची ती अंधार पडल्यावर यायची, आणि जेवताना बोटांनी ताटात काहीतरी रेघा ओढायची. शनिवारी म्हणाली, "झालं आज्जी. यंत्राला आता तिन्ही पायऱ्या वेगळ्या दिसतात. सोमवारपासून मोजायचं." झोपायला जाताना गाणं गुणगुणत होती. बऱ्याच दिवसांनी ऐकलं.

रविवारी सकाळी तिचा फोन वाजला. तिनं ऐकलं, "कधीपासून?" एवढंच विचारलं आणि चपला शोधू लागली. मीही पातळ बदललं.

"तू कशाला येतेस?"

"घरी बसून काय करू?"

पिंपात थंडी करणारा जो कॉम्प्रेसर असतो, त्याला स्वतःला गार राहायला पाणी लागतं. मे महिना. संस्थेची बोअरवेल आटली होती. पाणी टँकरनं यायचं, आणि त्या सकाळी टँकर आला नाही. पाणी उतरलं तसा कॉम्प्रेसर आपोआप बंद पडला. आम्ही पोचलो तेव्हा ते धापा टाकल्यासारखं चालणारं यंत्र गप्प होतं. ती खोली मी एकदाच पाहिली होती, तरी तिच्यातली शांतता मला चुकीची वाटली.

भिंतीवरच्या पडद्यावर एक आकडा होता. आतलं तापमान किती, ते तो सांगत होता. आकडा चढत होता. सावकाश, पण थांबत नव्हता.

कुलदीप व्हरांड्यात फोनवर होता. टँकरवाल्याचा आवाज इतका मोठा, की मलाही ऐकू येत होता.

"भाई, जल्दी भेजो, मशीन बंद पड गया है."

"साब, यहाँ बस्ती में लोगां घड़े लेके खड़े हैं. पीने को पानी नहीं है, और तुम मशीन को पिलाने को बोल रे?"

"ठीक है," कुलदीप म्हणाला. "उनको देके आओ." फोन ठेवून आत आला आणि आमच्याबरोबर पडद्याकडे बघत उभा राहिला.

"दुसरीकडून?" त्रिवेणीनं विचारलं.

"सगळीकडे विचारलं. संध्याकाळशिवाय कुणी येत नाही."

करण्यासारखं काही नव्हतं. त्या खोलीत एवढी शिकलेली माणसं होती, आणि सगळी एका आकड्याकडे बघत उभी होती. मला कुणीतरी खुर्ची दिली. मी बसले आणि मला परभणीची लाइन आठवली. एका बाईनं हैदराबादच्या दवाखान्यात फोन लावायला कॉल मागितला होता. तिच्या नवऱ्याचं ऑपरेशन होतं. मी दवाखाना जोडला. तिकडून निरोप सांगितला, ऑपरेशन झालं, माणूस शुद्धीवर आहे. आणि तो निरोप तिला द्यायला मी तिची लाइन उचलली, तर ती एकाच बाजूनं चालत होती. मला तिचा आवाज येत होता, माझा तिला जात नव्हता. "हॅलो, हैदराबाद? कुणी आहे का? हॅलो?" मी म्हणत होते, "आहे बाई, मी आहे, तुमचा माणूस बरा आहे." ती म्हणत होती, "हॅलो? कुणी आहे का?" मी प्लग काढला, घातला. बोर्ड बदलला. फॉल्टवाल्यांना ओरडून झालं. ती तशीच हॅलो म्हणत राहिली. बोलायचं सगळं माझ्याजवळ होतं.

"सर," त्रिवेणी म्हणाली, "आता पाणी आलं तरी..."

"हो," कुलदीप म्हणाला.

मला त्यांनी नंतर समजावलं. चिप एकदा गरम झाली की पुन्हा थंड करता येते, त्याला थोडे दिवस लागतात, एवढंच. पण थंड होऊन येते ती तीच चिप नसते. चिपच्या धातूत आणि त्यावरच्या काचेसारख्या थरात बारीक बारीक दोष असतात, ते गरम झाले की जागा बदलतात. क्यूबिटचा सूर थोडा सरकतो. आधीचा झटका ज्या क्यूबिटसाठी शिकला होता, तो क्यूबिट आता जगात नाही. मी विचारलं, "आणि तिसरी पायरी?" त्रिवेणी म्हणाली, "आधी तिच्यावर किती होते, ते आता कुणालाच कळणार नाही. कधीच."

टँकर दिवेलागणीला आला. ड्रायव्हरनं पाइप जोडला, पाणी धो धो आत गेलं, आणि कॉम्प्रेसर पुन्हा धापा टाकू लागला. सगळ्यांनी त्याला धन्यवाद दिले. तो बिचारा म्हणाला, "अम्मा, टाइम पे आया ना?" मी म्हटलं, "आ गए बेटा."

चिप पुन्हा थंड झाल्यावर त्रिवेणीनं मोजलं, मोजायचं म्हणून. जुना झटका नव्या थंडीत सगळ्या बाजूंनी बिघडला होता. तिसरी पायरी थोडी भरलेली दिसली, पण दुसरीही विस्कटली होती, पहिलीही. त्यातून काहीच सिद्ध होत नव्हतं. होतं असंही नाही आणि नव्हतं असंही नाही.

त्यानंतर कुलदीप आमच्याकडे आला. या वेळी पाणीही मागितलं नाही.

"मी दिल्लीला लिहू तरी काय?" तो म्हणाला. "माझ्याकडे एका दुपारचा आलेख आहे."

"सर, तुम्हाला माहीत आहे ते काय आहे."

"मला वाटतं. तुलाही वाटतं. वाटणं लिहिता येत नाही, त्रिवेणी. निकाल मांडायला पुरावा लागतो, तसा मागे घ्यायलाही लागतो. समिती विचारेल, मग मी काय दाखवू? तो झटका आता चालत नाही. तो चालत होता, ते आकडे आहेत. तो फसवत होता, ते आकडे नाहीत."

"खरं तर तेवढंच लिहा ना. की शंका आहे."

"शंका आहे म्हणून लिहिलं की मुदत गेली. मग तू, तेजस, रोशनी, ती नवी दोन पोरं, सगळी रस्त्यावर." त्यानं माझ्याकडे बघितलं. "मावशी, तुम्ही सांगा. मी वाईट माणूस आहे का?"

मी त्याला काय सांगणार? त्याच्या जागी मी असते तर काय केलं असतं, ते मला आजही सांगता येत नाही. वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. मी रागावले तरी असते. "वाईट नाहीस," मी म्हटलं. "पण पोरीचं म्हणणं खरं आहे रे."

"हो," तो म्हणाला. "तीच पंचाईत आहे."

त्रिवेणी खिडकीशी गेली. मग म्हणाली, "जर्नलला पाठवलेल्या पेपरवरून माझं नाव काढा, सर. आणि प्रबंधात तो निकाल मी घालणार नाही. पुन्हा पहिल्यापासून शिकवीन प्रोग्रामला, तिन्ही पायऱ्या मोजून. वर्ष जाईल, जाऊ दे."

"काम तुझं आहे. नाव काढलं तर लोक विचारतील, का काढलं."

"विचारू देत ना सर. तेच तर पाहिजे मला. कुणीतरी विचारलं की मी सांगीन."

कुलदीपनं नाव काढलं. तेवढी तरी तिची इच्छा त्यानं पाळली. पेपर छापून आला. त्रिवेणी रोज मेल उघडून बघायची. कुणीच विचारलं नाही.

सत्कार हिमायतनगरच्या सभागृहात झाला. आम्हा मराठी मंडळींचे सगळे कार्यक्रम तिथेच होतात. माझं लग्नही त्याच गल्लीत झालं होतं. तेव्हा तिथे मोकळं अंगण होतं, आणि माझ्या यजमानांच्या, हिम्मतरावांच्या गावचे पाहुणे परभणीहून रात्रीच्या गाडीनं आले होते. आता काचेची दारं आणि एसी. सत्कार कुलदीपचा आणि त्रिवेणीचाही होता; पेपरवर कुणाचं नाव आहे, ते मंडळीत कोण वाचतंय? त्रिवेणी यायला तयार नव्हती. कुसुमचे फोनवर फोन. शेवटी मी म्हटलं, मी जाते, नाहीतर कुसुमला काय सांगू?

अध्यक्ष हणमंतराव भाषणाला उभे राहिले. "आपल्या हैदराबादच्या मराठी माणसानं जगातला सगळ्यात थंड संगणक दुप्पट वेगानं पळवला!" टाळ्या. "आणि यंत्राला शिकवणारी कोण? आपलीच पोरगी!" टाळ्या. कुसुम पहिल्या रांगेत, जरीचं पातळ नेसून, गाल लाल झालेले. मला बघून तिनं डोळा मारला, बोर्डावर मारायची तसा.

त्रिवेणीच्या नावानं मला पुढे बोलावलं. शाल, नारळ, गजरा. हणमंतराव म्हणाले, "आजीबाई, दोन शब्द."

माइक माझ्यासमोर होता. आयुष्यभर माइकपुढे बोललेली बाई मी. समोर कुसुम होती. कुलदीप स्टेजवर माझ्या बाजूला उभा होता, त्याची नजर जमिनीवर. मी जे सांगायचं ते सांगितलं असतं, तर कोणाला कळलं असतं? तिसरी पायरी म्हणजे काय, हे त्या सभागृहात मी सोडून कुलदीपला तेवढं ठाऊक होतं. आणि ज्या कुसुमला कळलं नसतं, तिचं मात्र सगळं मोडलं असतं. मी म्हटलं, "पोरांनी खूप कष्ट केले." टाळ्या.

खाली उतरताना कुलदीप माझ्या पाया पडला. "मावशी, नवा प्रोग्राम बरा शिकतोय," तो हळूच म्हणाला. "वेग आधीच्याएवढा नाही. पण खरा आहे."

"मग तो मांड ना."

"आधीच्यापेक्षा कमी आहे, मावशी. तो कोण बघणार?"

घरी आले तेव्हा त्रिवेणी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली होती. पडद्यावर ठिपक्यांचे तीन ढग होते, एक निळा, एक तांबडा, एक हिरवा. हिरवा तिसऱ्या पायरीचा, त्यात अगदी थोडे ठिपके. ती त्या हिरव्याकडे बघत होती. मी शाल खुर्चीवर ठेवली आणि नारळ ओट्यावर.

"काय म्हणाली मंडळी?"

"टाळ्या वाजवल्या."

"मोठ्या आज्जी?"

"खूश आहे गं ती."

तिनं मान हलवली. शालीवरचा गजरा उचलून वास घेतला आणि परत ठेवला. मी चहा टाकला. गॅसपाशी उभी होते, तेव्हा तिनं मागून विचारलं,

"आज्जी, त्या दिवशी येताना गाडीत तू मला सांगितलंस ना, ती परभणीची बाई. जिला तुझा आवाज जात नव्हता."

"हं."

"तिला कळलं का मग, नवरा बरा आहे ते?"

"लाइन दुरुस्त झाली तेव्हा मी पुन्हा लावला फोन. तालुक्याच्या पोस्टातून केलेला होता तिनं. पोस्टमास्तर म्हणाला, बाई केव्हाची गेली. रडत गेली म्हणाला."

"मग?"

"मग काय. पत्ता नव्हता तिचा."

चहा उतू जायला आला, मी गॅस बारीक केला. लॅपटॉपवर तिचे ठिपके एकेक करून पडत होते, बहुतेक निळ्यात आणि तांबड्यात, एखादा हिरव्यात. ती प्रत्येक हिरवा ठिपका मोजत होती.